चर्चच्या खिडकीत हिरोशिमाची तारीख

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या बाजारचौकात तांबड्या दगडाचं एक जुनं चर्च आहे. हायलिगगाइस्टकिर्ख, म्हणजे पवित्र आत्म्याचं चर्च. त्याच्या बाहेरच्या भिंतींच्या खाचांमध्ये छोटी छोटी दुकानं आहेत. आपल्याकडे देवळाच्या कोटाला लागून हळदीकुंकवाची आणि बांगड्यांची दुकानं असतात, तशीच. आई इकडे आली तेव्हा मी तिला तिथे घेऊन गेले. आत सगळं शांत, उजळ, उंच. आणि मग कडेला ती खिडकी दिसते. लालभडक. कागद पेटवून विझवला की त्याच्या कडा जशा काळ्या पडून वेड्यावाकड्या होतात, तशा कडा त्या लालात शिरलेल्या. मधूनमधून अक्षरं, एक गणिती सूत्र, आणि एक तारीख.

आईला जर्मन येत नाही, पण आकडे वाचता येतात. "६.८.१९४५. ही कसली तारीख गं?"

"हिरोशिमा."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथं? लोक हात जोडायला येतात तिथं?"

तिचा प्रश्न नवा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी अख्ख्या हायडेलबर्गने हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर देता देता गाव दोन तट पडून भांडलं होतं. ही खिडकी योहानेस श्रायटर या कलावंताची. त्यांनी या चर्चसाठी खिडक्यांची एक पूर्ण मालिका रेखाटली होती. त्यातली ही भौतिकशास्त्राची खिडकी १९८४ मध्ये बसली. बाकीच्या बसल्याच नाहीत. चर्चच्या मंडळीने त्या नाकारल्या. (मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतात, मीही तोच शब्द वापरते.) जर्मनीत हे प्रकरण 'हायडेलबर्गचा खिडक्यांचा वाद' म्हणूनच ओळखलं जातं.

मला या वादात बाजू घ्यायची आहे. नकार देण्याचा हक्क मंडळीचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो नकार चुकला. आणि तो का चुकला हे समजून घेणं कुठल्याही जुन्या, पवित्र वास्तूची जबाबदारी अंगावर असलेल्या लोकांच्या उपयोगाचं आहे, मग ती वास्तू हायडेलबर्गच्या नेकार नदीकाठी असो नाहीतर आपल्या कऱ्हेच्या.

आधी श्रायटर कोण ते सांगते. जन्म १९३०, सॅक्सनीतल्या एर्त्सगेबिर्ग डोंगराळ भागातलं बुखहोल्त्स हे गाव. म्हणजे युद्ध संपलं तेव्हा हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. पुढे म्युन्स्टर, माइन्त्स आणि बर्लिन इथे शिक्षण झालं. १९६३ पासून १९८७ पर्यंत फ्रँकफर्टच्या श्टेडेलशूले या नामांकित कलाशाळेत प्राध्यापक. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक वेगळंच तंत्र हाती घेतलं. कागद जाळायचा, धूर बसू द्यायचा, आणि त्या करपलेल्या तुकड्यांतून चित्र रचायचं. त्याला ते 'ब्रँडकोलाज' म्हणत. ज्या पिढीने लहानपणी शहरं जळताना पाहिली, त्या पिढीतल्या एका माणसाला जळका कागद हाताशी धरावासा वाटला, यात मला नवल वाटत नाही. हायडेलबर्गच्या खिडकीतल्या त्या जळक्या कडा तिथून आल्या आहेत.

काचेकडे ते वळले तो काळ जर्मनीत काचेसाठी विलक्षण होता. बॉम्बहल्ल्यांत हजारो चर्चच्या खिडक्या फुटल्या होत्या. भिंती उभ्या राहिल्या, छपरं बसली, पण खिडक्यांची भोकं तशीच होती. काय बसवायचं? जुन्याची नक्कल? की आपल्या काळाचं काही? आखेनच्या कॅथेड्रलमधल्या, जवळजवळ सत्तावीस मीटर उंच खिडक्यांसाठी आंटोन वेंडलिंग आणि वाल्टर बेन्नर यांनी युद्धानंतर लगेच नवी काच रचली. गेओर्ग माइस्टरमान, लुडविग शाफरात ही पुढची नावं. माइस्टरमान यांच्यावर नाझी काळात प्रदर्शनं भरवायला बंदी होती. त्यांनी युद्धानंतर चर्चमध्येही काम केलं आणि १९५२ मध्ये कलोनच्या रेडिओ केंद्राच्या इमारतीतही. काचकाम ही तिथे तेव्हा मागच्या दाराने आलेली हस्तकला राहिली नव्हती, ती आघाडीची कला झाली होती. श्रायटर या सगळ्यांत वयाने धाकटे.

काचकामात श्रायटर यांनी जे केलं ते समजायला ही खिडकी बनते कशी ते थोडं माहीत हवं. तोंडाने फुंकून केलेली रंगीत काच घ्यायची. जर्मनीत ती आजही बव्हेरियातल्या वाल्डझासेनच्या कारखान्यात बनते. फुग्यासारखी काच फुंकून लांबट नळकांडं करतात, ते चिरून भट्टीत उलगडतात, म्हणून तिच्यात बुडबुडे आणि लहरी राहतात आणि सपाट यंत्रकाचेपेक्षा उजेड तिच्यातून वेगळाच येतो. मग पूर्ण आकाराच्या आराखड्यावर ठेवून तुकडे कापायचे. ते इंग्रजी 'एच' अक्षरासारख्या खाच्याच्या शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे आणि सांधे डाग देऊन जोडायचे. म्हणजे खिडकीत जी काळी रेघ दिसते ती मुळात शिवण आहे. गोधडीला जसे टाके, तसं काचेला शिसं. शतकानुशतकं ही रेघ आकृतीची बाह्यरेषा म्हणून राबली. संताचा झगा इथे संपतो, आकाश इथे सुरू होतं, एवढंच तिचं काम.

श्रायटर यांनी या शिवणीला मोकळं केलं. त्यांच्या खिडक्यांत शिशाची रेघ चालत राहते, मध्येच थबकते, तुटते, भलतीकडे वळते. कधी तीन बाजूंनी चौकट होते आणि चौथी बाजू उघडीच राहते. ही उघडी चौकट त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येते. वरून काही यावं म्हणून जागा ठेवलेली. हे मी धार्मिक भाषेत सांगते आहे, कारण ते स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती माणूस आणि त्यांनी आयुष्यभर त्याच भाषेत काम केलं. पुढे त्यांच्यावर झालेला आरोप तपासताना हे लक्षात ठेवलं पाहिजे. चर्चला चिडवायला आलेला कोणी बंडखोर असता तर गोष्ट वेगळी असती. हा माणूस घरातलाच होता.

आता ते चर्च. मला वाटतं, सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे आणि वादात ती सर्वांत कमी वापरली गेली. हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. त्याची कहाणी या चर्चपासून वेगळी काढता येत नाही. बिब्लिओथेका पॅलाटिना हे त्या काळचं युरोपातलं नावाजलेलं ग्रंथालय या चर्चच्या आतल्या सज्ज्यांत होतं. खाली प्रार्थना, वर पुस्तकं. तीस वर्षांच्या युद्धात १६२२ मध्ये कॅथलिक बाजूच्या सेनापती टिलीने शहर घेतलं आणि पुढच्या वर्षी ग्रंथालय पेट्यांत भरून रोमला रवाना झालं, पोपला भेट म्हणून. बहुतेक हस्तलिखितं अजून व्हॅटिकनमध्येच आहेत. पुढे १७०६ च्या सुमाराला चर्चच्या मधोमध भिंत घातली गेली. एका बाजूला प्रोटेस्टंट, दुसऱ्या बाजूला कॅथलिक. तिथला राज्यकर्ता कार्ल फिलिप याला पूर्ण चर्च कॅथलिकांसाठी हवं होतं, शहरातले प्रोटेस्टंट हटले नाहीत, तेव्हा चिडून त्याने १७२० मध्ये राजधानीच मानहाइमला हलवली. ती भिंत १९३६ मध्ये पडली. म्हणजे या इमारतीवरून भांडणं ही तिथली जुनी रीतच आहे, आणि भांडून लोकांनी राज्यकर्तासुद्धा गमावला आहे.

अशा चर्चसाठी खिडक्या करायला सांगितल्यावर श्रायटर यांनी काय केलं? ग्रंथालय परत आणलं. लुटून नेलेली पुस्तकं जिथे होती तिथे त्यांनी काचेची पानं लावायचं ठरवलं. जुन्या हस्तलिखितांची मांडणी, समासातल्या खुणा, जळालेल्या कडा, आणि त्या पानांवर आजचं ज्ञान. भौतिकशास्त्र, वैद्यक, जीवशास्त्र, अर्थव्यवहार, वाहतूक, प्रसारमाध्यमं. विद्यापीठ ज्यावर जगतं आणि शहर ज्यात वावरतं ते सगळं. मला ही कल्पना आजही अंगावर काटा आणते. लुटलेल्या ग्रंथांच्या जागी त्यांचे वंशज.

मंडळीतल्या अनेकांना हे पटलं नाही. त्यांची बाजू मी हलकी करणार नाही, कारण ती हलकी नव्हती. आठवडाभर ऑफिसात, इस्पितळात, रस्त्यावर जे बघतो तेच रविवारी चर्चमध्ये का बघायचं? माणूस तिथे जातो तो ओझं उतरवायला. आणि दर रविवारी त्या बाकांवर बसणार कोण? कलासमीक्षक नाही, फ्रँकफर्टचे प्राध्यापकही नाहीत. बसणार मंडळी. शिवाय तो ऐंशीच्या दशकाचा मध्य. पश्चिम जर्मनीत अमेरिकन क्षेपणास्त्रं आणली जात होती, त्यांच्याविरुद्ध लाखोंचे मोर्चे निघत होते, आणि १९८६ च्या एप्रिलमध्ये चर्नोबिल झालं. अणूची भीती रोजच्या दुधाभाजीत शिरलेली असताना प्रार्थनेच्या वेळी समोर हिरोशिमाची तारीख नको, असं एखाद्या आजीला वाटलं तर मी तिला काय सांगू?

हेही कबूल करते की मालिकेतल्या काही रेखाटनांत अक्षरांची गर्दी आहे. प्रार्थनेच्या वेळी वाचत बसावं लागणारी खिडकी ही थोडी फार मागणी करणारी खिडकी आहे.

तरीही मूळ आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. आक्षेप असा की संसारातल्या, धंद्यातल्या, विज्ञानातल्या गोष्टी पवित्र जागी नकोत. पण चर्चच्या खिडकीत हे कधी नव्हतं? हायडेलबर्गहून दक्षिणेला फ्रायबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये चला. तिथल्या मध्ययुगीन खिडक्यांना शहरातल्या कारागिरांच्या संघांनी पैसे दिले आणि आपापल्या खुणा काचेत बसवून घेतल्या. बेकरीवाल्यांनी गाठ मारलेला पाव, तोच तो ब्रेत्सेल. चांभारांनी बूट. शिंप्यांनी कात्री. खाणकामगारांनी आपली खाण. संतांच्या पायाशी बूट आणि पाव, आणि कोणाला त्यात विटाळ वाटला नाही. उलट आज प्रवासी तेच बघायला जातात. विसाव्या शतकातल्या विद्यापीठगावाचा ब्रेत्सेल म्हणजे श्रायटर यांच्या वैद्यकाच्या खिडकीतला हृदयाचा आलेख, ईसीजी, आणि भौतिकशास्त्राच्या खिडकीतलं समीकरण. कारागीर बदलले, एवढाच फरक.

मराठी माणसाला तर हे समजायला अडचण येऊ नये. आपल्या संतांनी माळ्याचा वाफा, कुंभाराचं चाक, सोनाराची भट्टी, न्हाव्याचा आरसा सरळ उचलून अभंगात ठेवला आणि विठ्ठलासमोर गायला. धंदा बाजूला ठेवून ये, मग देवाशी बोल, असं त्यांच्या विठोबाने कधी सांगितलं नाही. आणि गंमत पाहा, नव्हे, गंमत नाही, मला हे फार मोलाचं वाटतं की हे आपलं वैशिष्ट्य जगाला नीट समजावून सांगणारा एक माणूस याच हायडेलबर्गचा होता. ग्युंथर सोंथायमर. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं आणि सुट्टी मिळाली की ते महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्यांवर असत. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाचा देव त्याच्या चालण्यातच असतो, वाटेतच असतो, बाणाई मेंढरांसकट देवाच्या घरात येते, हे त्यांनी ओव्या ऐकून, जेजुरीच्या पायऱ्या चढून लिहिलं. १९९२ मध्ये ते गेले. खिडक्यांचा वाद त्यांच्याच गावात, त्यांच्या हयातीत चालला. त्यांचं त्यावर काय मत होतं ते मी सांगत नाही. पण जेजुरीला देवाच्या अंगणात मेंढ्या, भंडारा, घोंगडं आणि नवस यांची सरमिसळ पाहिलेल्या कोणालाही चर्चमध्ये ईसीजी नको हा नियम परका वाटेल.

दुसरा मुद्दा पापाचा. आणि इथे मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. भौतिकशास्त्राच्या खिडकीत आइन्स्टाइनचं सूत्र आहे, ई बरोबर एमसी वर्ग. दुसऱ्या कुठल्या गावात हे सूत्र म्हणजे नुसतं सूत्र असतं. हायडेलबर्गमध्ये नाही. इथे फिलिप लेनार्ड प्राध्यापक होते. १९०५ चं नोबेल मिळालेले, मोठे प्रयोगकर्ते, आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांतावर 'ज्यू भौतिकी' म्हणून तुटून पडणारे, 'जर्मन भौतिकी'चा झेंडा घेतलेले, हिटलरचे उघड समर्थक. १९३५ मध्ये विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं. जर्मनीच्या युद्धकाळातल्या युरेनियम प्रकल्पात, म्हणजे अणुसंशोधनात, काम करणारे वाल्टर बोटे याच शहरात होते. म्हणजे ज्या गावाने ते सूत्र एकदा हाकलून दिलं होतं, त्या गावाच्या मुख्य चर्चमध्ये श्रायटर यांनी ते परत आणलं, आणि त्याच्या शेजारी त्या सूत्राने पुढे केलेला घात लिहिला. सन्मानही आणि कबुलीही, एकाच लाल काचेत.

वैद्यकाचंही तसंच. हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख कार्ल श्नायडर हे मतिमंद आणि मनोरुग्णांच्या सामूहिक हत्येच्या नाझी मोहिमेत तज्ज्ञ म्हणून सामील होते. डॉक्टर होते, प्राध्यापक होते. अशा गावात वैद्यकाची खिडकी नुसती गोड कशी असेल?

कबुलीजबाबाची जागा चर्चमध्ये नाही तर कुठे असते? ख्रिस्ती धर्मातली ही एक मोठी गोष्ट आहे की तिथे माणूस पाप घेऊनच आत येतो, बाहेर ठेवून येत नाही. म्हणून मला मंडळीच्या नकारात कलेपेक्षा धर्माचीच जास्त हानी दिसते. आणि श्रायटर यांनी पाप तेवढंच लिहिलं असतं तर तेही मी एकांगी म्हटलं असतं. तसं नाही. त्या खिडकीत बायबलमधली दोन वचनं आहेत. एक पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं, प्रभूचा दिवस चोरासारखा येईल आणि सृष्टीची तत्त्वं तापून वितळतील, हे सांगणारं. दुसरं यशया या संदेष्ट्याचं. डोंगर हलतील, टेकड्या ढळतील, पण माझी कृपा तुझ्यावरून ढळणार नाही. आईला मी ही दोन्ही वचनं मराठीत सांगितली. ती दुसरं ऐकून पुन्हा खिडकीकडे वळली आणि ते नेमकं कुठे लिहिलंय ते बोटाने दाखवायला लावलं. वचन मुळातच तिथे होतं. लोकांनी तारीख वाचली आणि ते थांबले.

तिसरी गोष्ट कागदाची. मालिकेतली एकच खिडकी काचेत होती. बाकीच्या रेखाटनांत. एका खिडकीवरून, आणि तीही सगळ्यांत कठोर विषयाची, बाकीच्या सगळ्यांचा निकाल लागला. रेखाटन कागदावर असतं, त्याच्यावर उजेड समोरून पडतो. काचेतून उजेड मागून येतो. सकाळी वेगळा, जानेवारीत वेगळा, ढग आला की आणखी वेगळा. कागदावर करडी, कोरडी दिसणारी रेघ काचेत उतरल्यावर काय होईल ते सांगता येणं काचकाम करणाऱ्यांनाही जड जातं. कागदावरून खिडकी नाकारणं म्हणजे नोटेशन वाचून राग नाकारणं. उजेडाचे रंग वेगळे काढून त्यातून मूलद्रव्यं ओळखायची रीत रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्खहोफ यांनी जगाला दिली ती याच हायडेलबर्गमध्ये, १८५९-६० च्या सुमाराला. त्या गावाने तरी उजेडाला आपली साक्ष देऊ द्यायला हवी होती.

लोक नंतर मत बदलतात याचे दाखले जर्मनीतच आहेत. ऱ्हाइनकाठच्या नॉइस गावात 'तीन राजांचं चर्च' आहे. योहान थॉर्न प्रिकर यांनी १९११-१२ च्या सुमाराला त्याच्यासाठी खिडक्या रचल्या. फारच नव्या वाटल्या. कलोनच्या धर्मप्रांताने परवानगी दिली नाही. १९१२ मध्ये त्या कलोनच्या मोठ्या कलाप्रदर्शनात झळकल्या आणि चर्चमध्ये मात्र १९१९ मध्ये लागल्या. मधे एक महायुद्ध होऊन गेलं. आज नॉइसची ओळख सांगताना त्या खिडक्यांचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

कलोनच्या कॅथेड्रलची गोष्ट तर अलीकडची, २००७ ची. चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी दक्षिणेकडची प्रचंड खिडकी, ११३ चौरस मीटरची, ७२ रंगांच्या अकरा हजारांहून अधिक चौकोनांनी भरली. आकृती नाही, संत नाही. आधी कॅथेड्रलच्या कारभाऱ्यांच्या मनात विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांची चित्रं होती. रंग बरेचसे यादृच्छिक पद्धतीने लागले, काही पट्टे एकमेकांचं आरशातलं रूप. कार्डिनल योआखिम माइसनर उघड म्हणाले की ही खिडकी मशिदीत जास्त शोभली असती. पण निर्णय कॅथेड्रलच्या मंडळाचा होता आणि ते मंडळ मागे हटलं नाही. दुपारच्या वेळी तिथे गेलात तर लोक वर कमी आणि खाली जास्त बघताना दिसतात, दगडी फरशीवर पडलेल्या रंगांकडे. मुलं त्या ठिपक्यांवर उड्या मारतात. कार्डिनलना जे दिसलं नाही ते त्या पोरांना दिसतं.

कोणी म्हणेल, कलोनला मंडळाने लोकांना न विचारता लादलं, ते बरं आणि हायडेलबर्गला मंडळीने ठरवलं, ते वाईट? नाही. मला मंडळीने विचारलेला प्रश्न आवडतो. आमच्या गावाकडच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा कोणी काही विचारलंच नाही. काळ्या दगडाच्या खांबांवर एका पावसाळ्यात गुळगुळीत टाइल्स चढल्या, गाभाऱ्याला निळा ऑइलपेंट लागला, आणि एका खांबावर वीरगळासारखं जे कोरलेलं होतं ते सिमेंटखाली गेलं. बैठक एका संध्याकाळची. चहा झाला, ठराव झाला. त्यावर गावात अर्धा तास तरी भांडण व्हायला हवं होतं, ते झालं नाही. हायडेलबर्गने वर्षानुवर्षं वाद घातला, वर्तमानपत्रांत लिहिलं, विद्वान, पाद्री, बाकावरची माणसं, सगळ्यांनी भाग घेतला. हे त्या गावाच्या बाजूचं आहे. माझी तक्रार वादावर नाही, शेवटावर आहे. एवढं भांडून झाल्यावर मधली वाट सापडायला हवी होती. दुसरी एखादी खिडकी काचेत करून बघायची. वर्षभर, सगळ्या ऋतूंत, तिच्याखाली बसायचं. लग्नं लावायची, बाप्तिस्मे करायचे, अंत्यविधी करायचे. मग नको म्हणायचं. तो नकार मी डोक्यावर घेतला असता.

श्रायटर थांबले नाहीत, हे बरं झालं. ग्योटिंगेनच्या सेंट याकोबी चर्चमध्ये नव्वदच्या दशकात त्यांनी बाविसाव्या स्तोत्रावर खिडक्या केल्या. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', या हाकेने सुरू होणारं ते स्तोत्र. उल्मच्या मुख्य चर्चमध्ये त्यांची काच आहे. आणि लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपलला, रॉयल लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय एका जुन्या, प्रार्थना बंद झालेल्या चर्चमध्ये आहे. तिथे श्रायटर यांच्या आठ खिडक्या आहेत, वैद्यकशास्त्राच्या विषयांवर. म्हणजे चर्चने जे विज्ञान आत घेतलं नाही, ते घेतलं एका इस्पितळाने, आणि तेही चर्चच्याच कमानींखाली. तिथे मुलं परीक्षेचा अभ्यास करतात आणि त्यांच्या वह्यांवर तो उजेड पडतो. मला याचा आनंद आहे. पण ग्रंथालयात ती काच फक्त शिकणाऱ्यांना भेटते.

हायडेलबर्गच्या नाकारलेल्या खिडक्यांपैकी काही पुढे काचेत उतरल्या, पण त्या संग्रहालयाच्या वाट्याला गेल्या. त्यातली वैद्यकाची मला सगळ्यांत जवळची. तिच्यात हृदयाच्या आलेखाची रेघ आहे, उसळणारी आणि मग सपाट होत जाणारी. घरी आल्यावर मी आईला तिचा छापील फोटो दाखवला. आई एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. बराच काळ रात्रपाळीच्या वॉर्डात. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि त्या रेघेवरून नखाने जात राहिली.

"इथं संपली," ती म्हणाली. "ही रेघ मी किती वेळा पाहिली असेल. डॉक्टर घड्याळ बघायचे. मी बघायची नातेवाइकांकडे. त्या वेळी दवाखान्यात देवाचं नाव घेतलं नाही असा माणूस मला कोणी भेटला नाही. माझ्यासकट." आणि मग, दुपारचा तिचाच प्रश्न उलटा करून, "हे का नाही लावलं तिथं?"

हायडेलबर्गमध्ये नेकार ओलांडून गेलं की नॉयनहाइमर फेल्डवर विद्यापीठाची इस्पितळं आहेत. मोठी, चांगली, लांबून लांबून रुग्ण येतात. त्यांची माणसं दिवसभर कॉरिडॉरमध्ये बसतात, आणि संध्याकाळी बसने जुन्या गावात आली की अनेकजण या चर्चमध्ये शिरतात, एक मेणबत्ती लावतात, मागच्या बाकावर बसतात. तासाभरापूर्वी त्यांनी पडद्यावर तीच रेघ पाहिलेली असते. त्या माणसांसाठी तिथे एक खिडकी हवी होती.